वकील, व्यापार आणि खासगीपणाचा कायदा

वकील म्हटला म्हणजे काळा डगला, बगलेत कागदांची पुडकी आणि मागे मागे चालणारा चिंताग्रस्त पक्षकार, असेच चित्र आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. नागपुरास तर हे चित्र अगदी घरचे आहे. १९३६ साली येथे स्वतंत्र उच्च न्यायालय स्थापन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर त्याच वास्तूत मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. शहरातील कित्येक घराण्यांत वकिली पिढीजात चालत आली आहे. परंतु गेल्या काही वर्षांत वकिलाचा एक नवा प्रकार जगात निर्माण झाला असून त्याची ओळख आमच्या मुलांस अद्याप व्हावी तशी झालेली नाही. हा वकील कोर्टात थोडा आणि वर्गात फार दिसतो. तो वर्गही कायद्याच्या महाविद्यालयातील असतोच असे नाही. पुष्कळदा तो व्यापार व व्यवस्थापन शिकविणाऱ्या संस्थेतील असतो. उद्या ज्यांना पेढ्या, बँका, कारखाने चालवावयाचे आहेत अशा तरुणांना हा वकील यंत्रविद्येचा व खासगीपणाचा कायदा शिकवितो.

व्यापाराच्या शाळेत वकिलाचे काय काम, असा प्रश्न यावर कोणी विद्यार्थी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट द्यावयाचे तर या कायद्याची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे, आणि सुदैवाने त्या कथेतील दोन महत्त्वाची माणसे आपल्या विदर्भातीलच आहेत.

वकिलाने मास्तर होणे ही गोष्ट नागपुरास मुळीच नवी नाही, हे आधी सांगून टाकतो. न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला हे नागपूरच्या उच्च न्यायालयात वकिली करीत असतानाच १९३५ ते १९४३ पर्यंत येथील विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात शिकवीत असत. पुढे ते १९६८ साली भारताचे सरन्यायाधीश झाले व १९६९ साली काही आठवडे त्यांनी हंगामी राष्ट्रपतीचे कामही पाहिले. सकाळी वर्ग, दिवसा कोर्ट, असा तो काळ होता. त्या वर्गात करार, मालमत्ता, पुरावा हे विषय चालत. माणसाची माहिती नावाची काही वस्तू असते व तिचा व्यापार होऊ शकतो, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

आता प्रथम शब्दाकडे वळू. इंग्रजीतील ज्या कल्पनेविषयी आम्ही लिहीत आहोत तिच्यासाठी मराठी वर्तमानपत्रे 'गोपनीयता' असा शब्द योजतात. आम्हांस तो तितकासा रुचत नाही. गोपन म्हणजे लपविणे. आणि लपवितो तो चोर, अशी आपली समजूत. त्यापेक्षा 'खासगी' हा आपला जुना शब्द पुष्कळ चांगला. मराठेशाहीच्या कारभारात 'दौलत' आणि 'खासगी' असे दोन भाग असत. दौलत म्हणजे राज्याचा वसूल व खर्च. खासगी म्हणजे राजघराण्याचे स्वतःचे उत्पन्न. होळकरांच्या राज्यात खासगीचा कारभार घरातील स्त्रियांकडे असे, आणि अहिल्याबाईंच्या धर्मकृत्यांसंबंधी वाचताना हा शब्द हटकून भेटतो. खासगी म्हणजे जेथे दौलतीचा हात पोहोचत नाही ते स्थान, हा अर्थ मनात पक्का ठेवला म्हणजे पुढील सारा कायदा उलगडतो. फरक इतकाच की, त्या काळी खासगी ही राजाची असे. आज ती प्रत्येक मनुष्याची आहे, असे कायदा म्हणू लागला आहे.

या कायद्याचा आरंभ परदेशात मोठ्या मौजेच्या रीतीने झाला. अमेरिकेत बोस्टन शहरी सॅम्युअल वॉरन व लुई ब्रँडाइस हे दोन तरुण वकील भागीदारीत वकिली करीत होते. १८८८ साली वॉरनचे वडील वारले आणि कुटुंबाचा कागदाचा कारखाना सांभाळण्यासाठी त्याला वकिली सोडावी लागली. वकील व्यापारी झाला, असे म्हणा ना! त्याच वर्षी कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला. तोवर छायाचित्र काढावयाचे तर मनुष्याने काचेसमोर निश्चल बसावे लागे, अर्थात् त्याच्या संमतीवाचून ते निघणे कठीण. नव्या यंत्राने ही अडचण दूर केली. वर्तमानपत्रांना लोकांच्या घरगुती गोष्टी छापण्याची चटक लागलीच होती. तिला हे साधन मिळाले. तेव्हा १८९० च्या डिसेंबरात या दोघा मित्रांनी हार्वर्डच्या कायदेविषयक पत्रात एक लेख लिहिला आणि मनुष्यास आपल्यापुरते निवांत राहू दिले जाण्याचा हक्क आहे, असे प्रतिपादिले. चोरी नाही, मारहाण नाही, बदनामीही नाही, तरी मनुष्याची हानी होते, हे त्यांनी दाखवून दिले. यंत्र नवे आले की कायद्यास जागे व्हावे लागते, असे या कथेत दिसते. आणि तीच गोष्ट पुढे वारंवार घडली आहे.

आपल्या देशाच्या राज्यघटनेत हा शब्द नाही. १९५० साली अमलात आलेल्या त्या ग्रंथात जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांचा हक्क एकविसाव्या अनुच्छेदात आहे; खासगीपणाचा स्वतंत्र उल्लेख कोठेही नाही. १९५४ साली झडतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी हा हक्क घटनेत ओढून आणण्यास नकार दिला. त्यानंतरचे प्रकरण मात्र विद्यार्थ्यांनी विसरू नये असे आहे.

उत्तर प्रदेशात खरकसिंग नावाचा एक मनुष्य होता. १९४१ साली त्याच्यावर दरोड्याचा आरोप आला. पुरावा न मिळाल्यामुळे तो सुटला. येथे गोष्ट संपावयास हवी होती. परंतु पोलिसांनी त्याच्या नावाचा एक कायमचा कागद उघडला आणि पाळत सुरू झाली. रात्री-अपरात्री चौकीदार व शिपाई येत, दारावर धक्के मारीत, आरडाओरड करीत आणि त्यास झोपेतून उठवीत. परगावी जावयाचे झाले तर त्याने आधी वर्दी द्यावी लागे. न्यायालयाने ज्यास दोषी ठरविले नाही अशा माणसाची ही दशा! त्याने सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. १८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. रात्री घरी येऊन झोपमोड करण्याचा नियम त्यांनी एकमुखाने रद्द केला. परंतु घरावर गुप्त पहारा ठेवणे, येण्याजाण्याची नोंद करणे, या गोष्टी चौघांनी कायम ठेवल्या, कारण खासगीपणा हा घटनेने दिलेला हक्कच नव्हे, असे त्यांचे मत पडले. न्यायमूर्ती सुब्बाराव व न्यायमूर्ती शहा यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. ज्याच्या प्रत्येक पावलावर डोळा आहे तो मनुष्य मोकळा फिरत असला तरी स्वतंत्र नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

त्या चौघांत एक होते न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर. १९१२ च्या काँग्रेसचे अध्यक्ष, अमरावतीचे सुप्रसिद्ध वकील रघुनाथ नरसिंह मुधोळकर यांचे हे चिरंजीव. १९६४ साली एका निकालात, घटनेचे काही मूलभूत स्वरूप संसदेसही बदलता येऊ नये की काय, अशी शंका ज्यांनी प्रथम प्रकट केली ते हेच. म्हणजे स्वातंत्र्याविषयी ते उदासीन होते असे कोणी म्हणू नये. घटनेत जे लिहिलेले नाही ते न्यायाधीशाने आपल्या पदरचे घालू नये, अशी त्या पिढीच्या कित्येक न्यायाधीशांची धारणा होती, आणि ती धारणा प्रामाणिक होती. आमच्या मते त्या दिवशी सुब्बाराव यांची दृष्टी अधिक दूर पोहोचली. तथापि मुधोळकरांचे मत चुकीचे ठरण्यास पंचावन्न वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवावे.

मधल्या काळात लहान पीठांनी हा हक्क हळूहळू मान्य करण्यास प्रारंभ केला. १९७५ साली मध्य प्रदेशातील एका पाळतीच्या प्रकरणात थोडी वाट मोकळी झाली. १९९६ च्या डिसेंबरात, दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्यास न्यायालयाने बंधने घातली. असा हुकूम गृहखात्याच्या सचिवानेच द्यावा व तो दोन महिन्यांनंतर पुन्हा तपासल्यावाचून चालू राहू नये, असे ठरले. पहारेकरी दारातून तारेत शिरला होता, आणि कायदा त्याच्या मागोमाग चालला होता.

पुढील पाऊल महाराष्ट्रातच पडले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी खेड्यात देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. बोटांचे ठसे व डोळ्यांतील बुबुळाभोवतालची नक्षी यांवरून मनुष्याची ओळख पटविण्याची ही योजना. ज्या गरिबापाशी जन्माचा दाखला नाही, जमिनीचा कागद नाही, त्यास ओळख मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु कोट्यवधी लोकांचे ठसे एका ठिकाणी जमा झाले म्हणजे त्यांवर मालकी कोणाची, हा प्रश्न उठणे अपरिहार्य होते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, ऐंशी वर्षे उलटून गेल्यानंतर, सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. सरकारच्या बाजूने मुधोळकरांच्या काळचाच निकाल पुढे करण्यात आला: भारतीयास असा हक्कच नाही! तेव्हा ११ ऑगस्ट २०१५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला; आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की, खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे.

प्रश्न सोपविणाऱ्या तिघांत आणि उत्तर देणाऱ्या नवांत, दोन्ही ठिकाणी नागपूरचे न्यायमूर्ती शरद अरविंद बोबडे होते. त्यांचा जन्म १९५६ साली नागपुरात झाला. येथील सेंट फ्रान्सिस डी सेल्स महाविद्यालयात व पुढे नागपूर विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले, १९७८ साली त्यांनी सनद घेतली आणि येथील खंडपीठापुढे दोन दशकांहून अधिक काळ वकिली केली. त्यांचे वडील अरविंद बोबडे हे महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून २०२१ च्या एप्रिलपर्यंत शरद बोबडे भारताचे सरन्यायाधीश होते.

त्या निकालात एकंदर सहा मतपत्रे आहेत. पैकी एक बोबडे यांचे. ते आम्हांस विशेष वाचनीय वाटते. खासगीपणाची कल्पना ही पाश्चात्त्यांची उसनवारी होय, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. बोबडे यांनी त्यास आपल्या मातीतून उत्तर दिले आहे. घराची रचना कशी असावी म्हणजे आतील मंडळींचा एकांत राहील, याचे नियम गृह्यसूत्रांत आहेत. मालकाच्या संमतीवाचून परक्याच्या घरात शिरू नये, असे अर्थशास्त्रात आहे. दुसऱ्याच्या घरात डोकावणे व दुसऱ्याची पत्रे वाचणे इस्लामी परंपरेत निंद्य मानले आहे. आणि ख्रिस्ती शास्त्रात दुसऱ्याच्या कारभारात ढवळाढवळ न करता जगण्याचा उपदेश असून पापांची कबुली ही खासगीत व्हावयाची गोष्ट आहे, असे ते दाखवितात. आमच्यासारख्या शाळेत जेथे या सर्व घरांतील मुले एका बाकावर बसतात तेथे हा परिच्छेद वर्गात वाचण्याजोगा आहे. आम्ही ख्रिस्ती वाचकांस एवढीच आठवण देतो की, प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यावे, असे प्रभूने शिष्यांस शिकविले. ते दार पाप झाकण्यासाठी नव्हते. लोकांनी पाहावे म्हणून केलेल्या प्रार्थनेत प्रार्थनाच राहत नाही, म्हणून होते. बोबडे यांचेही म्हणणे थोडेबहुत याच दिशेचे आहे. मनुष्यास विचार करावयास, वाचावयास, मत बनवावयास एक आतली जागा मोकळी असल्यावाचून भाषणाचे, धर्माचे, संचाराचे कोणतेच स्वातंत्र्य त्यास खऱ्या अर्थाने भोगता येत नाही. म्हणून हा हक्क इतर हक्कांची पूर्वअट होय.

याच निकालात चौघांच्या वतीने लिहिलेले मुख्य मतपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे आहे. १९७६ साली, आणीबाणीत, बंदिवानास न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा जो निकाल झाला त्यात त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड हे एक न्यायमूर्ती होते. तो निकाल चिरंजिवांनी या ठिकाणी स्पष्ट शब्दांत रद्द ठरविला. आपल्या समाजात वडिलांचा शब्द खोडून काढणे किती अवघड असते, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांना याहून अधिक सांगणे नको.

चंद्रचूड यांनी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे: खासगीपणा हा जागेस चिकटलेला नसून माणसास चिकटलेला असतो, तो सार्वजनिक ठिकाणी गेला म्हणून तेवढ्याने त्यास मुकत नाही. यास आपल्या शहरातील एक उदाहरण आहे. २०२० च्या जून महिन्यात, करोनाची साथ चालू असता, खुद्द सरन्यायाधीश बोबडे नागपुरात एका उभ्या असलेल्या मोटारसायकलीवर बसले असताना कोणी त्यांचे छायाचित्र काढले, आणि ते एका दिवसात देशभर फिरले. त्यावर प्रसिद्ध वकील प्रशांत भूषण यांनी टीका केली. त्या व आणखी एका मजकुराबद्दल त्यांच्यावर न्यायालयाच्या अवमानाचा खटला झाला व एक रुपया दंड झाला. उच्च पदावरील माणसाच्या वर्तनावर टीका करण्यास लोकांस मोकळीक असली पाहिजे, असे आमचे मत आहे. परंतु ज्यास पद नाही, ज्याच्या वर्तनाशी लोकांस काही कर्तव्य नाही, अशा शाळकरी मुलाचे पावसात पाय घसरून पडतानाचे छायाचित्र वर्गमित्राने गावभर पाठविले तर त्यास हीच मोकळीक लागू होत नाही. विद्यार्थ्यांनी हा भेद नीट समजून घ्यावा. सत्ता जितकी मोठी तितका उजेड अधिक असावा, आणि मनुष्य जितका दुबळा तितका आडोसा अधिक.

'ज्याच्या मनात पाप नाही त्यास लपवावयाचे काय?' हा प्रश्न पालकांकडून आम्ही पुष्कळदा ऐकतो. पण आपलेच म्हणणे पाहा: झाकली मूठ सव्वा लाखाची. मतपत्रिका आपण पडद्याआड का भरतो? क्षयाचा रोगी औषध घेण्यास आडवाटेने का जातो? मुलीच्या लग्नाची बोलणी पक्की होईपर्यंत आई शेजारणीस का सांगत नाही? यांत पाप कोणते? शाळांतून सर्व मुलांचे गुण नावानिशी फलकावर लावण्याची जुनी चाल आहे. नापास झालेला मुलगा त्या फलकापुढे कसा उभा राहतो, हे ज्या शिक्षकाने पाहिले असेल त्याने ती चाल मोडावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता व्यापाराच्या शाळेकडे येऊ. इतवारीतील किराणा दुकानदाराची उधारीची वही पाहा. गिऱ्हाईक कोण, महिन्याला साखर किती नेतो, दसऱ्याला तूप किती, पगार उशिरा झाला की वाण्याकडे कसा येतो, हे सर्व त्या वहीत आहे. तथापि ती वही गल्ल्याखाली राहते. वाणी बरेचसे विसरून जातो. आणि तो स्वतः त्याच मोहल्ल्यात राहत असल्यामुळे त्यास लाज असते. आता त्या वहीच्या जागी यंत्र बसवा. ते काहीही विसरत नाही. एका दुकानची वही शंभर दुकानांच्या वह्यांशी ते क्षणात ताडून पाहते. त्यावरून, न सांगितलेल्या गोष्टीही ते अनुमानाने काढते: घरात कोणी आजारी आहे, कोणी नोकरी गमावली आहे, मुलगा परीक्षेच्या चिंतेत रात्री जागतो आहे. आणि हे अनुमान ज्यास उपयोगी त्यास ते विकताही येते. मोबाइलवरील खेळ फुकट का मिळतो, याचे उत्तर येथे आहे. खेळणारा मुलगा गिऱ्हाईक नसतो. तो स्वतःच माल असतो. जाहिरातदार हे खरे गिऱ्हाईक.

हे सारे करणारा मनुष्य दुष्ट असतो असे नाही. पुष्कळदा तो आपल्याच महाविद्यालयातून हिशेब व विक्री शिकून गेलेला हुशार तरुण असतो. फक्त, हातातील माहिती कोणाची, हा प्रश्न त्यास कोणी कधी विचारलेलाच नसतो. कोर्टातील वकील प्रकरण घडल्यावर येतो. वर्गातील वकील ते घडण्यापूर्वी येतो. म्हणून व्यापाराच्या शाळेत त्याचे काम. २०२१ च्या फेब्रुवारीत व्हॉट्सअॅपच्या नव्या अटींचे प्रकरण सरन्यायाधीश बोबडे यांच्या पीठापुढे आले तेव्हा, तुमची कंपनी कितीही धनाढ्य असो, लोकांस पैशापेक्षा आपला खासगीपणा मोलाचा वाटतो, अशा अर्थाचे त्यांनी सुनावले होते. ते सुनावणे कंपनीच्या वकिलास होते. व्यवस्थापकाच्या कानी ते शिकत असतानाच पडावयास हवे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम प्रसिद्ध झाले. कायदा टप्प्याटप्प्याने अमलात यावयाचा आहे. त्यातील पालकांस उपयोगी तेवढेच सांगतो. कोणी माहिती मागितली तर ती कशासाठी हे त्याने साध्या भाषेत कळविले पाहिजे, आणि ती सूचना इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, अर्थात् मराठीतही, मागण्याचा आपणांस हक्क आहे. संमती मोकळ्या मनाची, विशिष्ट कामापुरती व निःसंदिग्ध असली पाहिजे. दिलेली संमती परत घेता येते, आणि ती देणे जितके सोपे तितकेच परत घेणेही सोपे असावे, असा दंडक आहे. चुकीची माहिती दुरुस्त करून घेता येते, नको ती पुसून टाकावयास सांगता येते. अठरा वर्षांखालील प्रत्येक जण या कायद्याने बालक. त्याची माहिती घेण्यास आईबापांची खात्रीलायक संमती पाहिजे, आणि त्याच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास अथवा त्यास हेरून जाहिराती दाखविण्यास सामान्यतः मनाई आहे. मुलांसंबंधीची ही बंधने मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा निर्दोष आहे असे नव्हे. सरकारी यंत्रणांस त्यातून सूट देण्याची मोठी मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली आहे. म्हणजे खरकसिंगाच्या दारावर ज्याने धक्के मारले त्याच्यावरच कायद्याची पकड सैल. शिवाय माहितीच्या अधिकाराचे एक कलम याच कायद्याने बदलल्यामुळे अधिकाऱ्यांचे कारभार खासगीपणाच्या पांघरुणाखाली झाकले जातील, अशी तक्रार कार्यकर्त्यांनी केली आहे. ती तक्रार आम्हांस वाजवी वाटते. दौलत ती दौलत आणि खासगी ती खासगी, हा भेद मराठेशाहीच्या कारभाऱ्यांस कळत होता.

पालकांची आणखी एक अडचण आहे. संमती देण्याचा हक्क त्यांना मिळाला, परंतु वाचण्याची सवड कोणाला? मूल जेवत नाही म्हणून हातात मोबाइल दिला जातो आणि पडद्यावर जे येईल त्यावर 'मान्य आहे' असे बोट उमटते. त्या बोटाने मुलाच्या वतीने करार होतो. शेताच्या खरेदीखतावर अंगठा उमटविण्यापूर्वी आपले आजोबा चार शहाण्यांस विचारीत. त्या मानाने हा व्यवहार फार घाईचा होतो. आईबापांनीही मुलांची न्हाऊ घालतानाची, रडतानाची, शिक्षा भोगतानाची छायाचित्रे जगापुढे मांडण्यापूर्वी ते मूल पंचविसाव्या वर्षी ती पाहील, याचा विचार करावा. तसेच शाळेने छायाचित्रासाठी वा एखाद्या शैक्षणिक अॅपसाठी सही मागितली तर, कोणती माहिती, किती दिवस, कोणाकडे, हे तीन प्रश्न पालकांनी बेलाशक विचारावेत. शिक्षकास राग आला तरी विचारावेत.

मोठ्या मुलांसाठी २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातील एक बारीक मुद्दा येथे देतो, कारण तो त्यांच्याच कामाचा आहे. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी योजना कायम ठेवली, चंद्रचूड यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. पण बहुमतानेही असे ठरविले की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही. मुलांची नोंदणी आईबापांच्या संमतीने व्हावी. आणि मूल सज्ञान झाल्यावर त्यास या योजनेतून बाहेर पडण्याचा पर्याय असावा. म्हणजे आईबापांनी दिलेली संमती ही ठेव आहे, आणि अठराव्या वर्षी तिचा मालक येऊन हिशेब मागू शकतो.

ज्या विद्यार्थ्यांस हा व्यवसाय करावासा वाटेल त्यांच्यासाठी मार्ग असा. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम घेता येतो. त्यातही कला, वाणिज्य अथवा व्यवस्थापन यांच्या जोडीने कायदा शिकविणारे वर्ग आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी देशव्यापी प्रवेशपरीक्षा असते. राज्यातील इतर महाविद्यालयांसाठी महाराष्ट्र शासनाची वेगळी. आधी वाणिज्याची किंवा विज्ञानाची पदवी घेऊन मग तीन वर्षांची एल्एल्. बी. करावयासही हरकत नाही. किंबहुना ज्यास यंत्रांचा कायदा शिकावयाचा आहे त्याने आधी यंत्र थोडे उघडून पाहिलेले बरे. आपल्या शहराच्या सुदैवाने येथे २०१५ साली भारतीय व्यवस्थापन संस्था आणि २०१६ साली महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ, अशा दोन संस्था सुरू झाल्या आहेत. एकीत व्यापार, दुसरीत कायदा. पुढे अध्यापन करावयाचे असेल तर एल्एल्. एम्. ही पदवी घ्यावी लागते. पण त्याआधी चारदोन वर्षे कोर्टात किंवा एखाद्या पेढीत काढलेला शिक्षक वर्गात अधिक उपयोगी पडतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे. इंग्रजी चांगले हवेच. मराठीही चांगले हवे, कारण कायद्याने मागता येणारी ती मराठी सूचना आपल्या आजीस समजेल अशा भाषेत कोणीतरी लिहावयाची आहे, आणि आज ज्या सूचना आमच्या पाहण्यात येतात त्या तशा नाहीत.